चित्रकलेचा तास कोणी घ्यावयाचा?

शाळेच्या वेळापत्रकातील जो तास सर्वांत आधी बळी जातो तो कलेचा. गणिताचा भाग पुरा झाला नाही, चित्रकलेचा तास घ्या. वरून माहिती मागविली आहे, संगीताच्या तासाला मुलांना स्वस्थ बसवा. परीक्षा जवळ आली, मग तर कला या शब्दाचाच उच्चार नको. हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात काही अन्याय होतो आहे असे पालकांना वाटत नाही, शिक्षकांना वाटून उपयोग नसतो आणि मुलांना कोणी विचारीत नाही. पाठ्यपुस्तक मंडळाने ‘खेळू, करू, शिकू’ अशा गोड नावाचे पुस्तक काढले. परंतु खेळवणारा, करवून घेणारा आणि शिकवणारा माणूस पुस्तकाबरोबर पाठविता येत नाही. तो कोठून आणावयाचा हा खरा प्रश्न आहे, आणि परंड्यासारख्या तालुक्यात तर तो अधिकच तीव्र आहे.

कायद्याचाच दाखला घेऊ. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांच्या शिक्षकांची तरतूद आहे. कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी मात्र ‘अंशकालीन निदेशक’ आहेत, आणि तेही या वर्गांची पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच. पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एवढाच हिशेब आहे. आता सीनेच्या काठच्या एखाद्या वस्तीवरील शाळेत सहावी ते आठवी मिळून शंभरावर मुले कोठून येणार? म्हणजे ज्या गावात शाळेबाहेर चित्रकलेचा वर्ग नाही, पेटी-तबल्याचा क्लास नाही, रंगपेटी मिळेल असे दुकान नाही, नेमक्या त्याच गावातील शाळेला कायद्याने कलाशिक्षकापासून सूट दिली आहे. शहरातील मूल शाळेत न मिळालेली कला शिकवणी लावून मिळवील. खेड्यातील मुलाला शाळा हीच पहिली आणि शेवटची संधी असते.

गुणांची विषमता

कला ही हौसेची बाब आहे, तीवाचून कोणाचे अडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी दहावीच्या गुणपत्रिकेकडे पाहावे. राज्याच्या कला संचालनालयाची इंटरमिजिएट ड्रॉइंग ग्रेड परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याला अ श्रेणीसाठी सात, ब श्रेणीसाठी पाच आणि क श्रेणीसाठी तीन वाढीव गुण देण्याची पद्धत राज्यात सुरू झाली. शास्त्रीय गायन-वादन-नृत्य, नाट्य आणि लोककला यांतील प्रावीण्यासाठीही वाढीव गुणांची सोय झाली. हेतू स्तुत्यच आहे. परंतु अकरावीच्या प्रवेशाची यादी जेथे अर्ध्या-पाऊण टक्क्याने वर-खाली होते, तेथे हे गुण कोणाच्या पदरात पडतात? ज्याच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक आहे त्याच्या. ज्याला आठवीपर्यंत कुंचला कसा धरावा हेच कोणी दाखविले नाही, त्याने नववीत ग्रेड परीक्षेला बसावे तरी कसे? कलेच्या उत्तेजनार्थ दिलेले गुण अशा रीतीने विषमतेत भर घालणारे ठरतात. म्हणून हा प्रश्न केवळ रसिकतेचा राहत नाही. तो न्यायाचा होतो.

गुणांहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, पुस्तकी अभ्यासात जे मूल मागे पडते ते पुष्कळदा मुके होत जाते. आईबाप ऊसतोडीला गेल्यामुळे ज्याचे निम्मे वर्ष फडावर जाते, घरची बोली निराळी असल्यामुळे ज्याला प्रमाण मराठीचे वाक्य जड जाते, अशा मुलाला आपण हुशार आहोत हे सिद्ध करण्याची जागा शाळेत कोणती? हातात मातीचा गोळा आला, पायांत ताल आला, नाटुकल्यात दोन वाक्यांचे काम मिळाले की तेच मूल वर्गात बोलू लागते. ज्यांनी मुलांना शिकविले आहे त्यांना हे सांगावयास नको.

हात आहेत, काम नाही

आता दुसऱ्या बाजूला पाहू. परंड्यास शिक्षणमहर्षी गुरुवर्य रा. गे. शिंदे महाविद्यालय आहे. जिल्ह्यात तालुक्या-तालुक्याला महाविद्यालये झाली आहेत. १९५८ साली स्थापन झालेल्या आणि १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा विद्यापीठाशी ती संलग्न आहेत. निजामाच्या राज्यात ज्या भागातील मुलाला मराठीतून शिकणे दुरापास्त होते आणि शिकावयाचे तर हद्द ओलांडून इंग्रजी मुलखातील बार्शी जवळ करावी लागे, त्या भागाची ही कमाई लहान नव्हे. विद्यापीठ दरवर्षी युवक महोत्सव भरविते. त्यात पोवाडा असतो, भारूड असते, लावणी असते, मूकनाट्य, प्रहसन, रांगोळी, मृत्तिकाकाम, व्यंगचित्र असे कितीतरी प्रकार असतात. तालुक्याच्या ठिकाणाहून गेलेली मुले-मुली त्यात पारितोषिके घेऊन येतात. महिना-दीड महिना तालमी होतात, चार दिवस गाजतात, चषक प्राचार्यांच्या दालनात जातो आणि कलावंत पोलीसभरतीच्या मैदानावर किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जातो. त्या कलेचे पुढे काय झाले हे कोणी विचारीत नाही.

एकीकडे कला शिकविणारा नाही म्हणून रिकामा पडलेला तास आणि दुसरीकडे कला अंगी असून तिला काम नाही असा तरुण. या दोघांमध्ये अंतर असते ते फार तर आठ-दहा किलोमीटरचे. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दिवस जवळच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन मुलांना चित्र, गाणे, नाट्य, मूर्तिकाम शिकवावे, अशी व्यवस्था का होऊ नये?

ही कल्पना अगदी नवी नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७८ साली मालमत्ताकरावर मर्यादा घालणारा प्रस्ताव मतदारांनी मंजूर केला. शाळांचे उत्पन्न आटले आणि कलाशिक्षकांवर सर्वांत आधी कुऱ्हाड आली. अर्व्हाइन येथील विद्यापीठाच्या कलाशाखेच्या प्रमुख जिल बेक यांनी १९९६ साली ‘आर्ट्सब्रिज’ नावाचा उपक्रम सुरू केला. विद्यापीठातील नृत्य, संगीत, नाट्य, चित्रकला शिकणारे विद्यार्थी सरकारी शाळांत जाऊन शिकवू लागले. त्या योजनेतील तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. विद्यार्थ्याला या कामासाठी शिष्यवृत्ती मिळे. वर्गाचा नेहमीचा शिक्षक त्याच्याबरोबर असे. आणि विद्यापीठातील एक अध्यापक त्याला मार्गदर्शन करी. म्हणजे ते फुकटचे काम नव्हते, वर्ग परक्याच्या हाती सोपविणे नव्हते आणि शिकाऊ तरुणाला वाऱ्यावर सोडणेही नव्हते.

परंतु एवढ्या लांब जाण्याचे तरी कारण काय? शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकून बाहेर पडलेले देवीप्रसाद १९४४ साली वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तेथे नई तालीमच्या शाळेत मुलांना चित्रकला व मातीकाम शिकवीत राहिले. कला हा शिक्षणाचा अलंकार नसून पाया आहे, हा सिद्धान्त त्यांनी खेड्यातील मुलांबरोबर काम करून मांडला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात गाणे, गोष्ट, नाच आणि रानात मिळणाऱ्या वस्तू हेच शिक्षणाचे साहित्य होते. रत्नाकर मतकरी यांनी २०१४ साली ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला आणि वस्तीतील मुलांना स्वतःचे अनुभव स्वतःच नाटकात मांडावयास लावले. महागडी साधने आणि मोठी इमारत यांवाचून कलाशिक्षण अडत नाही, हे या तिन्ही उदाहरणांनी दाखवून दिले आहे.

जागा आहे, तरतूद आहे

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तीत स्वयंसेवकाने वर्षाकाठी १२० तास समाजसेवा करावयाची असते आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. हे तास कशात जातात? स्वच्छता, वृक्षारोपण, फेरी आणि पाहुण्यांची व्याख्याने. ही कामे वाईट नव्हेत. परंतु गेल्या वर्षी लावलेल्या खड्ड्यातच यंदा पुन्हा रोप लावण्यापेक्षा त्या गावच्या शाळेत वर्षभर एक वर्ग चालविणे अधिक टिकाऊ होणार नाही काय?

दुसरी तरतूद नव्या शैक्षणिक धोरणाची. २०२० च्या या धोरणाला अनुसरून महाराष्ट्राने पदवी अभ्यासक्रमाची जी रचना केली, तीत क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग आणि कलांसह इतर सहशालेय विषय यांना श्रेयांक आहेत. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे तीस तास, दोन श्रेयांक म्हणजे साठ. आज अनेक ठिकाणी क्षेत्रप्रकल्प म्हणजे कोठून तरी उतरवून काढलेली वीस पाने, असा प्रकार होतो. त्याऐवजी एका सत्रातील पंधरा शनिवार, दर शनिवारी तीन तास शाळेत आणि उरलेले पंधरा तास पूर्वतयारीत, असे साठ तास विद्यार्थ्याने खरोखर दिले तर श्रेयांक ही वस्तू प्रथमच त्याच्या घामाने मिळालेली असेल.

शनिवारच का? कारण जिल्हा परिषदेच्या शाळा त्या दिवशी सकाळच्या असतात, आणि शासनाने २०२४ साली पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केलेला आहे. शनिवार आनंददायी करावा, हे परिपत्रकाने सांगितले. तो करावयाचा कोणी, हे दोन शिक्षकी शाळेतील दोन शिक्षकांवर सोडले. एक शिक्षक प्रशिक्षणाला आणि दुसरा मतदारयादीच्या कामाला असेल तर आनंदाची जबाबदारी कोणाकडे राहते ते सांगावयास नको. अशा शाळेत दोन तरुण हलगी किंवा रंगाचे डबे घेऊन आले तर ते त्या शिक्षकाचे ओझे वाढविणार नाहीत, हलकेच करतील.

आक्षेप आणि धोके

या कल्पनेवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप असा की, सरकारला हे फुकटचे मनुष्यबळ मिळेल आणि कलाशिक्षकांची पदे भरण्याचा प्रश्न कायमचा बासनात जाईल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महाराष्ट्राने २००० साली शिक्षणसेवक योजना आणली. काटकसर म्हणून आलेली ही व्यवस्था रूढ झाली आणि प्राथमिक शाळेतील सेवकाचे मानधन दरमहा सोळा हजार होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना २०२४ साली सुरू झाली. तिच्याखाली अनेक तरुण शाळांतही नेमले गेले, आणि मुदत संपल्यावर ‘आता पुढे काय’ असे विचारीत त्यांना आंदोलने करावी लागली. तात्पुरती म्हणून केलेली सोय कायमची होते, हा आपला अनुभव आहे.

म्हणून दोन मर्यादा पहिल्याच दिवशी कागदावर आल्या पाहिजेत. पहिली, विद्यार्थी हा शिक्षक नव्हे. तो साहाय्यक आहे. त्याची संख्या दाखवून कोठलेही पद रद्द करता येणार नाही, आणि वर्गात नेहमीचा शिक्षक उपस्थित असल्यावाचून तो वर्ग घेणार नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठीही हे आवश्यक आहे. दुसरी, त्याला मोबदला मिळाला पाहिजे. परंडा तालुक्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी सुटीच्या दिवशी शेतावर किंवा दुकानात काम करून फी भरीत असेल तर त्याच्या शनिवारला किंमत आहे. विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत या कामाचा समावेश करता येईल. एस. टी.चे भाडे आणि रंग-कागदाचा खर्च तरी त्याच्या खिशातून होता कामा नये. विद्यार्थिनींना लांबच्या वस्तीवर एकटे न पाठविता जोडीने आणि बसच्या मार्गावरील शाळांत पाठवावे लागेल. असल्या बारीकसारीक गोष्टी वगळल्या की चांगल्या योजना कागदावर राहतात.

दुसरा आक्षेप असा की, या मुलांना शिकविण्याचे शिक्षण नसते. खरे आहे. मूकनाट्यात पारितोषिक मिळविणारा तरुण तीस चुळबुळ्या मुलांपुढे गोंधळून जाईल. त्यावर उपाय म्हणजे सत्राच्या आरंभी आठवडाभराची तयारी. विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. पण तो परंड्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर. तेथील अध्यापकांनी वर्षातून दोनदा जिल्ह्यात येऊन शिबिर घेणे अशक्य नाही. आणि दुसरी तयारी ज्या प्राथमिक शिक्षकाच्या वर्गात जावयाचे त्याच्याकडूनच मिळेल. चार इयत्ता एका खोलीत कशा सांभाळाव्यात, हे ज्ञान कोणत्याही विद्यापीठापाशी नाही; ते त्याच्यापाशी आहे. पदवीचा विद्यार्थी तेथे जितके शिकवील त्याहून अधिक शिकून येईल.

तिसरी अडचण आक्षेप म्हणून कोणी मांडीत नाही, पण ती सर्वांत नाजूक आहे. आपल्याकडे लोककला आणि जात यांचे नाते उघड आहे. हलगी कोणी वाजवावयाची, गोंधळ कोणी घालावयाचा, दारोदार कोणी गावयाचे हे गावगाड्याने ठरवून टाकले होते. ज्यांच्या आजोबांनी सक्तीने दुसऱ्याच्या वरातीपुढे वाजविले, त्यांच्या नातवाला ‘ही तुझी कला, तू शिकव’ असे सांगणे हा सन्मान नसून जुन्या सक्तीचेच नवे रूप होईल. कोणती कला शिकवावयाची हे विद्यार्थ्याने स्वतः निवडले पाहिजे, आणि हलगी शिकवावयाची तर ती वर्गातील सर्व मुलांनी हातात घेतली पाहिजे. तसे झाले तर एका खोलीतील तो एक तास समतेच्या दहा व्याख्यानांहून मोलाचा ठरेल. आंबेडकरी जलशांनी गाण्यालाच प्रबोधनाचे हत्यार केले, अण्णा भाऊ साठे यांनी लोकनाट्याला कष्टकऱ्यांची वाणी दिली. कला परंपरेने मिळाली तरी ती कोणासाठी आणि कशासाठी वापरावयाची हे नव्याने ठरविता येते, याचे हे पुरावे आहेत.

भूमीतच साहित्य आहे

परंड्याच्या मुलांना कला शिकविण्यासाठी बाहेरून काही आणावे लागणार नाही. या तालुक्यातील डोमगावच्या मठात समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांची परंपरा आहे; दासबोधाचे लेखनिक म्हणून त्यांचे नाव आहे आणि त्यांच्या हस्ताक्षरातील दासबोधाची प्रत हा या मठाचा ठेवा आहे. सुंदर अक्षराचा धडा घ्यावयास याहून चांगली जागा कोणती? परंड्याच्या किल्ल्यावरील तोफांवर फारसी लेख आहेत. उर्दू शाळेतील मुलांनी ती वळणे गिरवावीत आणि मराठी शाळेतील मुलांनी ती पाहावयास जावे. विजापूरच्या बुरुजावरची प्रसिद्ध मुलुख-मैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. ती परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ साली येथून विजापुरास नेण्यात आली. सिंहाच्या जबड्यात हत्ती दाखविणारे तिचे तोंड मातीत घडविण्यास कोणते मूल तयार होणार नाही? तुळजाभवानीच्या आराधी मंडळींची गाणी घरोघरी आहेत, आणि तेरचे गोरोबाकाका तर हातांनी माती घडविणारे संत. ज्या जिल्ह्यात तेरच्या मातीतून दोन हजार वर्षांपूर्वीच्या मृण्मूर्ती निघाल्या, त्या जिल्ह्यातील मुलांना मातीकामाच्या तासासाठी शहरातून रंगीत प्लॅस्टिकची माती विकत आणावी लागावी, हा विनोद फार महागाचा आहे.

आज शाळांत कला दिसते ती वार्षिक स्नेहसंमेलनात. भाड्याचे पोशाख, ध्वनिक्षेपकावर चित्रपटाचे गाणे आणि पडद्यावर पाहिलेल्या हालचालींची नक्कल. मुले आनंदात असतात, पालक मोबाईलवर छायाचित्रे घेतात, त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण ज्या मुलांची निवड होत नाही ती वर्षानुवर्षे समोरच्या सतरंजीवर बसलेली असतात. शनिवारच्या वर्गात सतरंजी नसावी. सगळ्यांनाच हात काळे करावयास मिळावेत.

उस्मानाबाद जिल्हा २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला आणि २०२३ साली त्याचे नाव धाराशिव झाले. आकांक्षा आणि नाव या दोन्ही गोष्टी सरकारने दिल्या. त्यापुढचे काम मात्र इथल्याच माणसांचे आहे. त्यासाठी मंत्रालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. एका महाविद्यालयाचे प्राचार्य, पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी आणि पाच शाळांचे मुख्याध्यापक एका दुपारी एकत्र बसले तर येत्या सत्रात पाच शाळांतून सुरुवात होऊ शकते. पाच शाळा, दहा विद्यार्थी, पंधरा शनिवार. सत्राअखेर त्या शाळांच्या भिंतींवर मुलांची चित्रे लागली आणि सतरंजीवर बसणाऱ्यांपैकी चार मुले ग्रेड परीक्षेच्या अर्जाची चौकशी करू लागली, तर प्रयोग फळला असे समजावे. मग कलाशिक्षकाचे पद मागावयास जाताना आपल्या हातात नुसते निवेदन असणार नाही. त्या पदाची वाट पाहणारी मुले दाखविता येतील.